चमत्कारविरोधी व्याख्यान आणि माझा डावा पाय

माझ्या डाव्या पायाने लालबागमधल्या बऱ्याच कमरा सरळ केल्या आहेत. मी नास्तिक आहे.

दोष जन्माचा. मी पायांकडून जन्मलो. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि त्याने पाठीत हलकी लाथ मारली की उसण पळते, अशी आमच्या अख्ख्या चाळीची श्रद्धा होती. (डोकं आधी बाहेर आलं असतं, तर कदाचित त्याबद्दलही कुणी विचारलं असतं.)

माझ्या वडिलांचा, अप्पांचा, यावर काडीचा विश्वास नव्हता. कारकुनीतून उरलेल्या वेळात ते तत्त्वज्ञान वाचत. वर्षानुवर्षं मागे लागल्यावर चाळीच्या गणेशोत्सवात त्यांना एकदाचं व्याख्यान मिळालं. विषय : 'चमत्काराने रोग बरा होतो काय?' महिनाभर ते आरशासमोर उभे राहून निरनिराळ्या स्वरांत 'नाही' म्हणत होते.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी पाण्याचं पिंप सरकवताना त्यांच्या कमरेत उसण भरली. अप्पा काटकोनात अडकले. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, "दोन-तीन दिवसांत आपोआप जाईल." व्याख्यान संध्याकाळी होतं!

शेजारच्या सावंतकाकू डोकावल्या. "घरात पायाळू झील आसताना डॉक्टर कित्याक?"

"काकू, मी आज त्याविरुद्धच बोलणार आहे," अप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. (दुसरीकडे बघता येत नव्हतं.)

"बोला हो. पण उभे रवान बोला."

हे मात्र अप्पांना लागलं. दुपार कलल्यावर त्यांनी मला हाक मारली. "दार लाव. खिडकीही."

"अप्पा, तुम्ही?"

"निरीक्षण न करता निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. मार."

"तुम्हाला लाथ?"

"हळू. आणि आईला सांगू नकोस."

"मी काही ऐकलं नाही," मोरीत भांडी घासणारी आई म्हणाली. खोली एकच होती.

मी आधी वाकून नमस्कार केला, मग लाथ मारली, मग पुन्हा नमस्कार केला. अप्पा कळवळले, आणि सरळ झाले.

"गोळीचा परिणाम," ते म्हणाले.

"अर्थात," मी म्हणालो. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात बाहेर गॅलरीत टाळ्या पडल्या. (आमच्या भिंती फळ्यांच्या होत्या.)

त्या संध्याकाळी अप्पा तासभर ताठ उभे राहून बोलले. श्रद्धा, योगायोग, पुरावा... इतकं छान बोलणं मी नंतर फारसं ऐकलं नाही. शेवटी कार्यवाहांनी आभार मानले. अध्यक्षांचे, मंडपवाल्याचे, "आणि ज्यांच्या पायामुळे वक्ते आज उभे राहू शकले, त्या त्यांच्या चिरंजीवांचे." अप्पांनी मान खाली घातली. कमरेचा काही संबंध नव्हता.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. अप्पा नाहीत. त्यांचा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे. गेल्या आठवड्यात सावंतकाकू लिफ्टमधून वाकूनच बाहेर आल्या आणि आमच्या हॉलमध्ये भिंत धरून, पाठ माझ्याकडे करून उभ्या राहिल्या.

"काकू, उसण आपोआप जाते," मी सुरू केलं. "आधी लाथ बसली आणि नंतर बरं वाटलं, एवढ्यावरून लाथेमुळेच बरं वाटलं, असं म्हणता येत नाही."

"थेट अप्पांसारखो बोलतस रे," काकू भिंतीशी बोलल्या. "ऐकाक बरा वाटता. बोल तू. बोलताना पाय मात्र चालू ठेव."

मी अप्पांचं अख्खं व्याख्यान म्हणून दाखवलं. पाय चालू होता.