मोटेच्या नाड्याने दाखवलेली गाठ

मंडळी, आज धारूरच्या दवाखान्यात मला स्वतःचाच राग आला, म्हणून लिहितोय.

तेलगावचे बापूराव वर्षभर माझ्याकडे येताहेत. मांडीतून निघालेली कळ पायाच्या बोटांपर्यंत जाते. मी दर वेळी वहीत 'अर्कुन्निसा', म्हणजे नसेची कळ, असं लिहिलं आणि मालिशीचं तेल दिलं. गावातल्यांनी त्यांच्या पोटरीवर तापल्या विळ्याने पाच डाग दिले. दुखतं तिथं डाग, हाच तिथला रिवाज.

आज ते वैतागून म्हणाले, "डाक्टरसाहेब, चालताना एवढं न्हाई. मोटेच्या नाड्यावर बसलं की जीव जातो."

मोट ओढत बैल उताराला लागले की हाकणारा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसतो, हे मी लहानपणापासून बघतोय. पण काय करताना दुखतं, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं!

बाकावर जाड दोर ठेवला आणि म्हटलं, "बसून दाखवा."

बसताच ते ओरडले. दोर रुतला तिथंच, मांडीच्या मागे, मी बोट खोल दाबलं. सुपारीएवढी गाठ लागली. दाबली की कळ थेट पायाच्या अंगठ्यात.

अशी गाठ मी फक्त पुस्तकात वाचली होती. ती कसली, ते हैदराबादला काढल्यावरच कळेल. बैलगाडीने निघून पुढे आगगाडी धरायची, असं ठरलं.

निघताना बापूरावांनी पोटरीवरून हात फिरवला. "मंग हे डाग मी कावून सोसले?"

मंडळी, तुम्ही काय सांगितलं असतं?