अकरा विहिरींचे आकडे

पूर्णा स्टेशनाच्या मागच्या गल्लीत मुंजाजी सरांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. बावीस वर्षं त्यांनी तिथं पोरापोरींना डोळे मिटून टाइप करायला शिकवलं. "बोटाला रस्ता पाठ असला की बघायची गरज न्हाई," असं ते म्हणायचे. पुढं मशीनच्या जागी कॉम्प्युटर आले, तेही ते शिकले. रात्री जागून प्रोग्रॅमिंगची पुस्तकं वाचली, आणि कुणी विचारलं तर शिकवलंसुद्धा.

मग त्यांचे डोळे जायला लागले. डोळ्यांचा पडदा सुकत चाललाय, असं परभणीच्या डॉक्टरनी सांगितलं. आधी कडेचं दिसेना. पुढं जग बांगडीतून बघितल्यासारखं झालं, मग अंगठीतून. पन्नाशीला अंगठीही गेली. इन्स्टिट्यूट बंद झालं. एक कॉम्प्युटर तेवढा घरी आणला, आणि त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं. ते मराठी शब्द असे काही उच्चारायचं की सरांच्या बायकोला, राजेश्रीबाईंना, स्वयंपाकघरात हसू आवरायचं नाही.

दुपारी सर खाटेवर पडून राहत. स्टेशनावरच्या गाड्यांचे पुकारे कानावर येत. गाडी अकोल्याकडे निघाली की सर तिच्याबरोबर निघत. मिटल्या डोळ्यांसमोर शेतं, पूल, फाटकं सरकत राहत. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या जागेत त्यांना सगळं लख्ख दिसायचं. ते कुणाला सांगत नसत.

अशाच एका दुपारी, माघात, फोन वाजला.

"सर, मी वैष्णवी. दोन महिने तुमच्याकडं टायपिंगला होते. मधीच लग्न ठरलं अन् सोडलं. आता राणीसावरगावात असते."

"कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचीस. डाव्या हाताची करंगळी वापरायची न्हाईस."

पलीकडून हसू आलं. "अजून न्हाई वापरत, सर."

वैष्णवीचं काम असं होतं. पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी ती गावातल्या बारा विहिरींची पातळी मोजायची. दर पंधरवड्याला टेप सोडायचा, वहीत लिहायचं, मग लॅपटॉपमध्ये भरायचं. दोन वर्षं झाली होती. आता तिला त्या आकड्यांचा आलेख हवा होता. व्हिडिओ बघून बघून तिनं एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती, आठ-दहा ओळींची. पण चालवली की लाल अक्षरं यायची, फाइल सापडत नाही म्हणून.

"फाइल तर हाय, सर. समोर दिसायलीय मला. अन् हे म्हणतंय न्हाई."

"कुठं हाय ते सांग. अक्षर न् अक्षर वाच."

ती वाचू लागली. प्रत्येक विहिरीचं एक फोल्डर, त्यात विहिरीचा फोटो आणि 'नोंद' नावाची फाइल. सरांनी डोळे मिटले. त्यांना एक वाडी दिसू लागली, बारा घरं ओळीनं, प्रत्येक घरात एक पेटी. ते एकेका दारातून आत डोकावत पुढं चालले. किती तरी दिवसांनी ते कुठं तरी निघाले होते.

"इतक्या घरांत कशाला हिंडायचं?" ते म्हणाले. "सगळ्या नोंदी उचल अन् एका फोल्डरात टाक. मग स्क्रिप्टला एकच वाट दाखवायची."

थोडा वेळ माउसचा टकटक आवाज आला.

"सर, हे काहीतरी विचारायलंय. त्याच नावाची..."

"हो म्हण," सर म्हणाले. ते अजून वाडीतच होते.

तिनं हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो म्हटलं. 

"सर, एकच फाइल उरली."

सर उठून बसले. बाराही फायलींचं नाव 'नोंद'च होतं. कॉम्प्युटर विचारत होता, आधीच्या फायलीच्या जागी ही ठेवू का, आणि त्यांनी वाक्य पुरं ऐकलंच नव्हतं. अकरा विहिरी एकीखाली एक बुजल्या. कचऱ्याच्या डब्यात शोधलं, तिथंही काही नव्हतं.

"वही हाय माझ्याकडं," वैष्णवी हळूच म्हणाली. "पण सहा दिवसांनी संस्थेची बैठक हाय. अन् माझा वेग तुमाला माहीतच हाय."

त्या संध्याकाळी सर जेवले नाहीत. राजेश्रीबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "आंधळ्यानं दुसऱ्याला वाट दाखवू नये."

"डोळ्यानं चुकलात का?" त्या म्हणाल्या. "मला तर वाटतंय, तुमी कानानं चुकलात. पोरगी बोलायलीय अन् तुमी भलतीकडंच."

 सकाळी सरांनी स्वतःच फोन लावला.

"वैष्णवी, वही घे. तू वाच, मी टाइप करतो."

"पाचशेच्या वर आकडे हायत, सर."

"वाच."

ती वाचू लागली. थोरली विहीर, तीन मीटर चाळीस. तीन पासष्ट. चार दहा. सरांची बोटं पळायला लागली. बावीस वर्षांची सवय बोटांत जशीच्या तशी होती. मध्येच वैष्णवी म्हणायची, "थांबू का?" आणि ते म्हणायचे, "मी तर तुझी वाट बघायलोय." स्वयंपाकघरातून राजेश्रीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बोटांचा असा पळता आवाज त्यांनी पाच वर्षांत ऐकला नव्हता.

तीन दिवस हे चाललं. मोजमाप काठापासूनचं होतं, म्हणून उन्हाळा आला की आकडा वाढायचा. सरांना पाणी खाली जाताना दिसायचं, कपारीवरची ओल एकेक बोट उतरताना. भाद्रपदाचे आकडे आले की पाणी वर यायचं आणि त्यांच्या पायांना गार वाटायचं. आंब्याखालची विहीर चैत्रातसुद्धा फारशी उतरत नव्हती. तिचे आकडे येताना ते जरा सावकाश टाइप करायचे. प्रत्येक विहिरीची फाइल झाली की तिला त्या विहिरीचंच नाव द्यायचं, आणि ते नाव सर दोनदा विचारून घ्यायचे.

चौथ्या दिवशी फायली वैष्णवीला मेलनं गेल्या. तिनं त्या एका फोल्डरात ठेवल्या, उरलेल्या बाराव्या विहिरीचीसुद्धा तिचं नाव देऊन, स्क्रिप्टमध्ये नवी नावं घातली आणि ती चालवली.

"सर," तिचा आवाज पडला. "तीच लाल अक्षरं. फाइल सापडंना."

या वेळी सरांनी डोळे मिटले नाहीत. खाटेच्या कडेला ताठ बसून ते म्हणाले, "घाई न्हाई. मला एवढंच सांग, स्क्रिप्ट चालवताना तू कुठं उभी हायस?"

"घरात, सर. ओट्यापाशी."

"तू न्हाई गं. स्क्रिप्ट. एक ओळ सांगतो, ती लिही. ती कुठल्या फोल्डरात उभी हाय ते तीच सांगंल."

तिनं ओळ लिहिली. उत्तर वाचून दाखवलं. स्क्रिप्ट आणि विहिरींचं फोल्डर दोन्ही डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली होती, पण चालवल्यावर स्क्रिप्ट शोधत होती सी ड्राइव्हमध्ये, वैष्णवीच्या नावाच्या फोल्डरात.

"म्हंजे ही दारात उभी राहून हाका मारायलीय," वैष्णवी म्हणाली, "अन् विहिरी शिवाराच्या पार त्या टोकाला!"

"अगं, त्या दिवशी मी हेच विचारायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "फायली हलवायची गरजच नव्हती."

मग त्यांनी तिला सांगितलं, वाट कुठून मोजायची ते स्क्रिप्टमध्येच लिही. स्क्रिप्ट ज्या फोल्डरात ठेवलीय तिथून मोज, म्हणजे कुठूनही चालवली तरी चुकणार न्हाई. दोन ओळी बदलल्या. एका ठिकाणी ती अवतरणचिन्ह विसरली, ते तिचं तिलाच सापडलं. या वेळी ती सगळं पुरं वाचायची आणि सर सगळं पुरं ऐकायचे.

"आलं," ती म्हणाली. 

"काय आलं? सांग की."

"बारा रेघा हायत, सर. काठ वर धरलाय, म्हणून सगळ्या उन्हाळ्यात खाली जायल्यात, पावसाळ्यात वर यायल्यात. झोपलेल्या माणसाची छाती कशी वरखाली होते, तशा. अन् आंब्याखालची जवळजवळ सरळ."

बैठक झाली. आलेखाचा कागद ग्रामपंचायतीत लागला, आणि उन्हाळ्यात टँकर मागायच्या आधी आंब्याखालच्या विहिरीवर पंप बसवायचं ठरलं. संस्थेनं वैष्णवीला आणखी तीन गावांचे आकडे दिले. त्या गावांतल्या विहिरी मोजणाऱ्या दोघी बायका आता अडल्या की तिच्याकडून नंबर घेऊन सरांना फोन करतात. सर आधी विचारतात, मग ऐकतात, आणि कुठलीही फाइल हलवायच्या आधी तिची नक्कल ठेवायला लावतात.

फाल्गुनात सर आणि राजेश्रीबाई गंगाखेडवरून बस बदलून राणीसावरगावला गेले. वैष्णवीनं त्यांना आंब्याखालच्या विहिरीवर नेलं. मोहोराचा वास होता, खाली कुठं तरी कपारीत मधमाश्या होत्या. तिनं टेप सरांच्या हातात दिला.

"सोडा, सर. पाण्याला लागला की हाताला कळतं."

सरांनी टेप सोडला. तो बोटांतून सरकत राहिला, गार आणि हलका. आतून कबुतरं फडफडत वर आली, त्यांच्या पंखांचा वारा सरांच्या तोंडावर आला. टेप सैल पडला.

"लागला," ते म्हणाले.

वैष्णवीनं वाकून आकडा बघितला आणि वही उघडली.