जनावराला दुप्पट

मला राग लवकर येतो, आणि एकदा आला की तोंडाला लगाम राहत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षीच हे सगळ्या वस्तीला कळलं. सासऱ्यांना मात्र त्याचं काही वाटलं नाही, कारण ते स्वतः तसेच. नवरा नागापूरला कारखान्यात, सुट्टीलाच घरी यायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर दिवसभर आम्ही दोघंच समोरासमोर, आणि मध्ये आमची तांबडी कुत्री. आमचं भांडण पेटलं की ती उठायची आणि सासऱ्यांच्या पायाशी जाऊन बसायची. भाकरी माझ्या हातची खायची आणि बाजू त्यांची घ्यायची.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊस तोडायला पाथर्डीकडची टोळी आली होती. चारी बाजूंनी तोडत आलं की शेवटी मध्ये एक पट्टा उरतो आणि रानात दडलेलं जे असेल ते सगळं त्या पट्ट्यात गोळा होतं. त्या दिवशी आत रानडुक्कर होतं.

“मागं सरा! डुक्कर हाय, डुक्कर!” टोळीतल्या बायका ओरडायला लागल्या. सगळे मागे सरले आणि आमचे सासरे काठी घेऊन पुढे गेले. त्यांचा गुडघा सुजून कधीचा कामातून गेलेला, पण रुबाब तोच. ऊस कडाकडा मोडला आणि डुक्कर थेट त्यांच्यावर आलं. त्यांना वळतासुद्धा आलं नाही.

कुत्री मध्ये घुसली. तिनं डुकराचा कान धरला तो सोडलाच नाही. डुकरानं तिला उचलून आपटलं, परत उचलून आपटलं, आणि मग सुळा तिच्या मांडीत घालून वर ओढला. ती ओरडली नाही, कारण ओरडायला तोंड उघडावं लागलं असतं. तोडकरी कोयते आपटत धावले तेव्हा डुक्कर ओढ्याच्या दिशेनं पळालं. तिच्या तोंडात त्याच्या कानाचा तुकडा राहिला होता आणि मांडीचं मांस बाहेर लोंबत होतं. सासरे ढेकळांत बसून नुसतं म्हणत होते, “माझ्यावरचं तिनं घेतलं. माझ्यावरचं घेतलं.”

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मांडी शिवली. दुसऱ्या दिवशी पाय मांडीपासून पंजापर्यंत सुजला आणि जबडाही एका बाजूनं फुगला. मग बाईंनी सूज उतरायची गोळी लिहून दिली. एन्झाईमची गोळी, एवढीशी, गुळगुळीत. कशी द्यायची ते त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं. जखमेतलं रक्त थांबलंय याची खात्री झाली म्हणून आजपासून चालू करतेय, कारण या गोळीनं रक्त वाहायचा धोका वाढतो. जेवणाआधी द्यायची आणि अख्खी गिळवायची, कुटायची नाही. वरचं कवच फुटलं तर औषध आतड्यात पोचायच्या आधी पोटातच वाया जातं. हिच्या वजनावर ठरवलेली आहे, त्याच्या वर एक कण नको. सोबत माणसाचं कुठलंही औषध नको. हिरड्या पांढऱ्या पडल्या, उलटी झाली, काळी शी झाली की गोळी बंद आणि तिला घेऊन इकडे.

मी मान डोलावली. सासऱ्यांनीही डोलावली. त्यांची मान डोलते तेव्हा त्यांनी ऐकलेलं असतंच असं नाही.

आता सासरे काय माणूस ते सांगते. पंचक्रोशीत कुणाच्या बैलाला औषध पाजायचं असलं की बोलावणं त्यांना. बैलाचा जबडा वर करायचा, बांबूची नळी घशात सारायची, औषध थेट आत. जन्मभर त्यांनी जनावरांना औषधं दिली आणि हिशेब एकच ठेवला. माणसाला एक, तर जनावराला दुप्पट. गुळात कुटून द्यायचं, म्हणजे थुंकत नाही. आमच्या बैलांना हे नेहमी मानवलं. कुत्रीही त्यांच्या लेखी जनावरच.

दोन दिवस झाले तरी सूज हलेना. सासऱ्यांचा धीर सुटला. त्यांची स्वतःची गुडघ्याची गोळी होती. तिच्या पाकिटावर त्यांना तेच एन्झाईमचं नाव दिसलं. त्याच्या पुढेमागे आणखी दोन नावं होती, दुखण्याची आणि तापाची, पण ती त्यांनी वाचलीच नाहीत. औषध तेच, आपलं जरा जोरकस, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मी शेतात गेले की ते खलबत्त्यात दोन गोळ्या कुटायचे आणि गुळाच्या खड्यात घालून तिला चारायचे. खलाला चिकटून राहिलेली पूड तिच्या दुधात झटकायचे. ती त्यांच्या हातचा दगडसुद्धा खाईल.

एका दुपारी मी वैरण घेऊन परत आले तर ती ओट्यावर आडवी पडलेली. समोर उलटी होती आणि उलटीत रक्ताच्या गाठी होत्या. मागे डांबरासारखी काळी शी. मी तिचा ओठ वर केला. हिरडी चुन्यासारखी पांढरी. खाली तिच्यासाठीच काढलेल्या दुधाच्या वाटीत पांढरी पूड तरंगत होती आणि आमची मांजर त्या वाटीशी वाकत होती. मी वाटीला लाथ मारली. मांजर किंचाळून पळाली. खलबत्त्याशेजारी सासऱ्यांच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं.

मला सगळं कळलं. सासरे दारातून येत होते, त्यांच्या हातात गुळाचा खडा होता. मी बत्ता उचलला आणि भिरकावला. तो त्यांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर असा आदळला की गोठ्यातली बैलं दाव्याला हिसके द्यायला लागली. लागला असता तर माणूस गेला असता, हे मला फेकतानाही ठाऊक होतं.

“मामा, काय चारलं तिला? काय चारलं?”

“सुजंची गोळी... आपली... तीच हाय ती, पोरी.”

“तीच न्हाई ती! डुकराला जमलं न्हाई ते तुमी केलं. तुमी मारलं तिला!”

त्यांनी गुळाच्या खड्याकडे पाहिलं. मग तो जमिनीवर टाकला आणि चपलेनं चिरडत राहिले, गुडघा मोडेल अशा जोरानं. मला त्यांची दया आली नाही. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता.

गोधडीत गुंडाळलेली कुत्री मांडीवर घेऊन ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. माझ्या पाठीला ओलं लागत होतं. ते तिचं रक्त होतं की त्यांचे डोळे, मी मागे वळून बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट वाचलं आणि त्या माझ्याहून वरच्या पट्टीत ओरडल्या. “बाबा, एन्झाईम नावाला आहे यात! बाकीचं काय आहे? हे दुखण्याचं औषध कुत्र्याचं पोट आतून सोलून काढतं. तेही दुप्पट, तेही कुटून, आणि वर माझी गोळी चालूच! घरात मांजर आहे?”

“हाय,” मी म्हणाले.

“हे तापाचं औषध तिनं नुसतं चाटलं असतं तरी गेली असती. एका गोळीचा तुकडा मांजरीला पुरतो.”

सासरे भिंतीला टेकून खाली बसले. बाईंनी कुत्रीच्या पुढच्या पायाचे केस भादरले, सुई घातली, सलाईन लावलं, एकामागून एक इंजेक्शनं दिली. ती हलली नाही. पायात सुई शिरते आणि कुत्रं साधं कण्हत नाही, हे बघणं डुकराच्या झटापटीपेक्षा वाईट होतं. “आशा धरू नका,” बाई म्हणाल्या. “उद्या सकाळी जिवंत असली तर घेऊन या.”

सकाळी ती जिवंत होती, एवढंच. बाईंनी पोटातल्या जखमेवर बसणारं पातळ औषध सुईशिवायच्या पिचकारीत भरलं. “गिळतेय का बघू. जबडा कोण धरणार?”

मी पुढे झाले. सासऱ्यांनी मला हातानंच बाजूला केलं. याच हातांनी त्यांनी शेकडो बैलांचे जबडे उघडले होते. त्यांनी तिच्या सुजलेल्या जबड्यात अंगठा घातला आणि तिनं डोळे उघडले. तिनं त्यांच्याकडे बघितलं, ओठ मागे घेतला आणि कचकन दात रोवले.

हाडाचा आवाज मला ऐकू आला. रक्त त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं, सदऱ्याची बाही भिजली. “हात काढा, बाबा, हात काढा!” बाई ओरडल्या. सासऱ्यांनी हात तसूभर मागे घेतला नाही. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

“जोर हाय! बघा की बाई, जोर हाय तिला अजून! चाव, माझे आई, चाव. लई चारलं मी तुला. आता माझं खा.”

बाईंनी त्या फटीतूनच पिचकारी आत सारली. कुत्रीनं औषध गिळलं. घशाची हालचाल आम्हा तिघांनाही दिसली. “गिळलं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज प्रथमच खाली आला. “बाबा, हात साबणानं धुवा. तुम्हालाही आता इंजेक्शनं घ्यावी लागतील.”

माझा राग अजून गेलेला नव्हता. तो आजही पुरता गेलेला नाही. पण मी त्यांचं कोपर खालून धरलं.

थोड्या वेळानं कुत्रीनं आपणहून जबडा उघडला. त्यांनी तोच फाटलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिनं तो ठेवू दिला.