सुनेची सही

माशाचा कल्ला उघडून आतला लालभडक रंग दाखवल्याशिवाय ती म्हातारी कधी मासा विकत नसे. "पाहून घे, सिस्टरबाई! मंग मले बोलू नोको."

मी चिमूरला दवाखान्यात नर्स. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची माशांची पाटी असायची. सत्तरी ओलांडलेली, पण तलावातून जाळं ओढताना मुलाच्याही पुढे. सुनेशी मात्र तिचं कधी पटलं नाही. "इले अजून मासा कापता येत नाई," ती भर बाजारात सांगायची. सून मान खाली घालून कापत राहायची.

एका सकाळी म्हातारी मुलाच्या मोटारसायकलवर मागे एका अंगानं बसली होती. गतिरोधकावर गाडी उसळली आणि ती मागच्या मागे डोक्यावर पडली. आमच्याकडे आणली तेव्हा कानातून रक्त येत होतं. हाका मारल्या, चिमटे काढले, डोळे उघडेनात. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. मी ॲम्ब्युलन्समध्ये सोबत चढले. चंद्रपूर येईपर्यंत नजर तिच्या छातीवरून हलवली नाही.

तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मेंदूवर रक्त साचलंय. ऑपरेशन नाही केलं तर जातील. केलं तरी या वयात खात्री नाही. वाचल्या तरी पहिल्यासारख्या होतील असं धरू नका. लवकर ठरवा."

मुलगा संमतीचा कागद घेऊन माझ्याकडे वळला. "सिस्टर, तुमची माय असती तं?"

नळ्या लावून महिनोन् महिने पडून राहिलेली म्हातारी माणसं मी पाहिली होती. तुमच्यापासून काय लपवायचं, 'घरी न्या' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते.

तेवढ्यात त्याच्या मागे उभ्या सुनेनं कागद ओढून घेतला. "काऊन विचारून राह्यले सगळ्याइले? मी करीन तिचं." आणि सही केली.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी म्हातारीनं डोळे उघडले. महिन्याभरानं घरी आली. उजवी बाजू लुळी, मुलाची ओळख गेलेली. मी अधूनमधून तपासायला जाई. एकदा सून पाणी आणायला मागे गेली, तशी ती कावरीबावरी झाली. "माय कुठी गेली?"

"कोण माय?" मी विचारलं.

तिनं डाव्या हातानं मागच्या दाराकडे बोट केलं. दारात सून उभी होती. "चार दिवसापासून असंच म्हणून राह्यली," ती म्हणाली आणि तोंड फिरवून उगाच भांडी आवरू लागली.

म्हातारीनं असं दीड वर्ष काढलं. मग छातीत कफ भरला आणि ती गेली.

तेराव्यानंतर मी भेटायला गेले. सून चहा देऊन समोर बसली. बोलता बोलता तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, लगबगीनं उठली आणि खाटेशी गेली. दर दोन तासांनी म्हातारीची कूस बदलायची वेळ होती ती. दोन्ही हात पुढे करून ती वाकली, आणि तशीच थांबली.