नोकरीला जाणारी शिट्टी

मी खोटं बोललो नव्हतो, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घालत होतो. समोरच्या घरातल्या काकांनी मला विचारलं होतं, "मिस्त्रीनं आमच्या रेडिओतला चांगला व्हॉल्व्ह काढून जुना बसवला असेल का हो?" आणि मी म्हणालो होतो, "असेलही." एवढंच. पण मिस्त्रीने काही बदललेलं नाही, हे मला ठाऊक होतं. काकांच्या रेडिओत रोज संध्याकाळी जी शिट्टी वाजायची ती माझ्या खोलीतून जात होती, आणि तोवर हे फक्त मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं. माझ्या त्या उत्तरामुळे ठाण्यातल्या एका चांगल्या कारागिराला सात वर्षं चोर म्हटलं गेलं.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. नौपाड्यात एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर आम्ही नवराबायको राहत होतो. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. खोलीत वीज नव्हती आणि विकत रेडिओ घेण्याची ऐपतही नव्हती. पण रेडिओचा नाद होता. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान बाजारात आलं होतं. तिथून मी एक व्हॉल्व्ह, बॅटऱ्या, कानाला लावायचा हेडफोन आणि तांब्याची तार आणली आणि साबणाच्या खोक्यात एका व्हॉल्व्हचा रेडिओ बांधला. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा लहानसा दिवाच. त्या काळी सगळे रेडिओ त्याच्यावरच चालत. गॅलरीपासून समोरच्या आंब्यापर्यंत एरियलची तार ओढली. बायको त्या तारेला माझी दुसरी दाढी म्हणायची, कारण दोन्हीकडे मी सारखंच लक्ष द्यायचो.

या रेडिओची एक खोड होती. त्याला एक बटण होतं. ते पिळत नेलं की आवाज मोठा होत जाई, आणि थोडं जास्त पिळलं की कानात शिट्टी सुरू होई. मी तिचा उपयोगच करून घेतला होता. शिट्टी आली की स्टेशन सापडलं असं समजायचं, मग बटण किंचित मागे घ्यायचं. ती शिट्टी माझ्या हेडफोनातच राहते, अशी माझी समजूत होती.

आणखी एक गोष्ट मी टाळली होती. रेडिओ विकतचा असो की घरी बांधलेला, तो ठेवायला सरकारी लायसन लागे. ते पोस्टात मिळे आणि दरवर्षी नवं करून घ्यावं लागे. तपासनीस गच्चीवरच्या तारा बघत फिरतात, असंही ऐकलं होतं. मी लायसन काढलं नव्हतं. साबणाच्या खोक्याला कसलं आलंय लायसन, असं म्हणायचो. नुसतं ऐकायलाही परवानगी का लागावी, हे मला तेव्हा खरंच कळत नव्हतं.

समोरच्या घरात निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना सगळी गल्ली काका म्हणे. काकूंची दृष्टी हळूहळू जात होती. वाचन हा त्यांचा जीव की प्राण, ते बंद पडलं, म्हणून काकांनी त्यांच्यासाठी विजेवरचा मोठा रेडिओ घेतला. संध्याकाळी मुंबई केंद्रावर मराठी कार्यक्रम लागे तेव्हा काकू पदर सावरून रेडिओसमोर बसायच्या. आम्हीही कधी कधी जायचो.

तर त्या रेडिओत शिट्टी वाजू लागली. कीर्तन ऐन रंगात यावं आणि मधूनच सूं करून आवाज चढावा. काकांनी जांभळी नाक्याजवळच्या रेडिओ मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री खाडीकाठच्या गावचा. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली. हा मात्र लढाईत छावणीच्या वायरलेस दुरुस्तीखान्यात शिकला आणि पुढे त्याने लहानसं दुकान थाटलं. त्याने रेडिओ दुकानात नेला, दोन दिवस चालवून बघितला आणि परत आणला.

"दुकानात एकदाबी वाजला नाय, काका. मशीन साफ हाय," तो म्हणाला.

"दुकानात वाजत नाही आणि घरी वाजतो?" काका म्हणाले. "म्हणजे आमचं घरच वाजतंय म्हणा."

काकू हसल्या. त्या म्हणाल्या, "मी सांगते. ही शिट्टी नोकरीला जाते. सात वाजले की घरी येते. रविवारी तर दिवसभर घरातच असते."

सगळे हसले, मीही हसलो. तोपर्यंत मला खरंच काही माहीत नव्हतं.

ते चार दिवसांनी कळलं. मी संध्याकाळी स्टेशन लावत होतो. बायकोने आतून हाक मारली म्हणून हेडफोन काढून मांडीवर ठेवला, पण हात बटणावरच राहिला. तरी शिट्टी ऐकू येत होती. ती गल्लीपलीकडून, काकांच्या खिडकीतून येत होती. मी बटण थोडं फिरवलं, तशी तिकडची शिट्टी वर चढली. उलटं फिरवलं, ती खाली उतरली. मग बंदच केलं, तेव्हा खिडकीतून स्वच्छ तंबोरा ऐकू आला आणि काकूंचा आवाज आला, "गेली बाई एकदाची."

मी उठून आत गेलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगून टाका ना. हसतील नि विसरतील." पण माझ्या डोळ्यांसमोर लायसन नसलेला खोका आणि सरकारी नोकरी होती. चौकशी झाली तर काय? मी ठरवलं की आता बटण जपून फिरवायचं. पण कार्यक्रम नीट ऐकायचा तर बटण त्या काठावर आणावंच लागे, आणि मोह काही सुटत नव्हता. शिट्टी कमी झाली, थांबली मात्र नाही.

याच दिवसांत काकांनी तो प्रश्न विचारला. गल्लीत रेडिओतलं कळणारा म्हणून माझं नाव होतं. त्या काळी रेडिओवाले चांगला व्हॉल्व्ह काढून घेतात असा लोकांना संशय असायचाच, आणि माझ्या उत्तराने त्याला जाणकाराची साक्ष मिळाली. आठवड्याभरात मिस्त्रीला 'व्हॉल्व्हवाला' असं नावच पडलं. दोन घरांनी दुरुस्तीला दिलेले रेडिओ परत आणले. काकांनी त्याला घरी बोलावून सगळ्यांसमोर सुनावलं, "आमचा व्हॉल्व्ह मुकाट्याने परत बसव. पोलिसात जायची वेळ आणू नकोस." मिस्त्री एवढंच म्हणाला, "मी घेतला नाय, काका. पन शिट्टी कोन मारतो ते बघतो."

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी गल्लीत येऊ लागला. खांद्याच्या पिशवीत बॅटरीवरचा लहान रेडिओ, आणि हातात शिट्टीची दिशा दाखवणारी लाकडी चौकट, तिच्यावर तारेचे वेढे. चौकट फिरवत, कान देत तो एकेका घरासमोर थांबे. गल्लीतली मंडळी ओट्यांवरून विचारत, "काय मिस्त्री, पतंग कुठे उडाला?" कोणी म्हणे, "व्हॉल्व्ह शोधतोय वाटतं." तो हसून पुढे जाई. मी खिडकी लोटून घेत असे.

तिसऱ्या दिवशी त्याने आमचं दार वाजवलं. कोपऱ्यातल्या साबणाच्या खोक्याकडे बघून तो म्हणाला, "झकास बांधलाय, साहेब. कोनी शिकवलं?"

मी काहीतरी पुटपुटलो. तो खाली बसला, खोक्याचं झाकण उघडून बघू लागला. "काकू बरोबर बोलली," तो म्हणाला. "शिट्टी नोकरीला जाते. तवाच मना वाटलं, ह्या यंत्राला मालक हाय."

मला वाटलं, आता हा खाली जाऊन सांगणार. त्याऐवजी त्याने मला समजावलं. बटण जास्त पिळलं की माझा रेडिओ नुसता ऐकत नाही, बोलायलाही लागतो. त्याच्यातून लाटा सुटतात, एरियलच्या तारेवरून बाहेर पडतात, आणि शेजारी तेच स्टेशन लावलेलं असलं की दोन्ही लाटा एकमेकींत मिसळून शिट्टी होते. "बिनलायसनचं स्टेशनच चालवताय तुमी," तो म्हणाला.

मग त्याने मिठागराची गोष्ट सांगितली, ती मी आजही लोकांना सांगतो. भरतीचं पाणी सगळ्यांचं असतं. पण पाणी आत घ्यायची प्रत्येकाची जागा ठरलेली आणि वेळ ठरलेली. एकाने भलत्या वेळी बांध फोडला तर शेजाऱ्याचं तयार मीठ विरघळून जातं, आणि फोडणाऱ्याला ते दिसतही नाही. हवेचंही तसंच. मुंबई केंद्राला एक जागा दिली आहे, बोटींना दुसरी, विमानांना तिसरी, पोलिसांना चौथी. ज्याने त्याने आपल्या जागेवर बोलायचं. "सरकार लायसन मागतं तवा आपन शिव्या देतो," तो म्हणाला. "पन कोनीच जागा वाटून दिली नाय तर नुसती शिट्टीच ऐकायची."

त्याने खिशातून स्वतःचा एक व्हॉल्व्ह काढला आणि एरियल व माझ्या रेडिओतल्या तारेच्या गुंडाळीच्या मध्ये कसा जोडायचा ते कागदावर काढून दिलं. म्हणजे माझी लाट तारेपर्यंत पोचणार नाही. जोडाला कथलाचा डाग कुठे द्यायचा तेही दाखवलं. उठताना म्हणाला, "लायसन काढा आधी. सरकारी नोकरी तुमची. मी कोनाला सांगत नाय."

"पण तुमचं नाव..." मी म्हणालो.

"शिट्टी थांबली की लोक विसरतील," तो म्हणाला.

तिथेच त्याचा अंदाज चुकला. मी व्हॉल्व्ह बसवला आणि शिट्टी थांबली. त्याच आठवड्यात मिस्त्री, शिट्टी थांबली की नाही हे पाहायला, काकांचा रेडिओ एकदा बघून गेला होता. काका गल्लीभर सांगत सुटले, "पोलिसाचं नाव काढल्याबरोबर व्हॉल्व्ह परत बसवला बघा. दम दिला की माणूस सरळ येतो." म्हणजे माझा रेडिओ नीट झाला आणि त्याची चोरी पक्की झाली. मी काकांच्या समोर बसून चहा पीत होतो. मान हलवली नाही, पण बोललोही नाही.

पुढल्याच आठवड्यात मी पोस्टातून लायसन काढलं. आता नोकरीला धोका राहिला नव्हता. त्या दिवशी सांगितलं असतं तर माझी चूक भीतीची म्हणता आली असती. त्यानंतरची सात वर्षं मी गप्प राहिलो ते केवळ लाजेने. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. मिस्त्रीकडे मी जात असे. त्याने मला दोन, मग तीन व्हॉल्व्हचे रेडिओ बांधायला शिकवलं. पुस्तकात न सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. नौपाड्यातलं काम त्याच्याकडे फारसं येत नसे. ते का येत नाही हे त्याला माहीत होतं. पण माझ्या एका शब्दाने ते गेलं, हे त्याला माहीत नव्हतं. मला जे काही येतं ते त्याचं दिलेलं आहे. त्याच्या शेजारी बसून शिकताना मला दर वेळी हे आठवे, आणि दर वेळी मी ते गिळून टाकी.

मग आमच्या वाचनालयाने वाचकांसाठी रेडिओ घ्यायचं ठरवलं. काका अध्यक्ष होते, मी समितीत होतो. रेडिओची वर्षभराची देखभाल कोणाकडे द्यायची हा विषय निघाला. मिस्त्रीने अर्ज केला होता. वाचनालयाचं काम मिळालं असतं तर गल्लीतली घरंही त्याच्याकडे वळली असती. त्याला ते हवं होतं. अर्ज त्याने कोणाकडून तरी सुवाच्य अक्षरात लिहून घेतला होता.

काकांनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. "तो व्हॉल्व्हवाला नको," ते म्हणाले. "पुढे?"

मी उठून उभा राहिलो. "काका, त्यानं व्हॉल्व्ह घेतलेला नव्हता," मी म्हणालो. "शिट्टी माझी होती." मग सगळं सांगितलं: लायसन नव्हतं ते, चौकट घेऊन तो फिरला ते, माझ्या दारात आला आणि माझी नोकरी सांभाळून परत गेला ते.

काकांनी चष्मा काढून पुसला. "मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"सात वर्षं मी त्या माणसाला चोर म्हणतोय. आणि तुम्ही माझ्या घरी चहा पिताय."

त्यांनी बाजूला ठेवलेला अर्ज उचलला, त्यावर मंजूर असं लिहून सही केली आणि सभा संपवली. जिना उतरताना म्हणाले, "उद्या सकाळी मी त्याच्याकडे जाणार आहे. पण माझ्याआधी तुम्ही जा."

सकाळी दुकानाची फळी नुकतीच निघाली होती. मिस्त्री एका रेडिओला डाग देत होता. "बसा साहेब, एवढा एक डाग होऊ द्या," तो वर न बघता म्हणाला. मी बसलो नाही. त्याने डाग दिला, डाग द्यायची तापलेली सळई बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी म्हणालो,

"मिस्त्री, लोक तुम्हाला व्हॉल्व्हवाला म्हणायला लागले ते माझ्यामुळे. काकांनी मला विचारलं तेव्हा शिट्टी माझी आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुमच्यावर संशय येऊ दिला. तुम्ही मला वाचवलंत, शिकवलंत, आणि मी त्यानंतरही गप्प राहिलो. काल वाचनालयात सगळ्यांना सांगितलं. खरं तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझं फार चुकलं. मला माफ करा."