शेजारणीची मोडलेली पलटण

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहत होतो आणि शेजारी, स्वतःच्या घरात, स्वीडिश वंशाची एक म्हातारी राहायची. निवृत्त शिक्षिका. तिचा मला हेवा वाटायचा, सरळच सांगते. घर तिचं, अंगण तिचं, आणि वर एक अख्खी पलटण तिची. स्वीडनमधल्या एका पायदळाच्या पलटणीत तिचे खापरपणजोबा, त्यांचे वडील, त्यांच्याही आधीचे सगळे सैनिक होते. पलटण केव्हाच मोडली, झेंडे संग्रहालयात गेले. पण हिचा तोरा काही मोडला नव्हता. कोण किती उंच होता, कोण कुठल्या मोहिमेत थंडीनं गेला, सगळं तोंडपाठ. मला माझ्या पणजोबांचं नाव विचारायला नागपूरला फोन करावा लागतो. पोटात दुखणार नाही तर काय?

नवरा म्हणायचा, "अगं, मेलेल्या सैनिकांवर काय जळतेस?" त्याला काय जातंय बोलायला. तो सकाळी लॅपटॉप उघडून बसायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, काम करायची परवानगी नाही, दिवसभर घरात. बोलायला ती एकटीच, आणि ती बोलणार कशाबद्दल, तर पलटणीबद्दल. तरी मी रोज जायचे. कॉफी बरी करायची मेली.

मग एका सोमवारी नवऱ्याच्या कंपनीनं त्याला ले-ऑफ केलं. साठ दिवसांच्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. त्याचा व्हिसा गेला की माझाही गेला. तो कॉलवर कॉल करत होता. मला घरात बसवेना म्हणून शेजारी गेले, तर बाईसाहेब लायब्ररीत पलटणीच्या इतिहासावर बोलणार होत्या, त्याची तयारी चाललेली. "बरी आलीस, ऐक जरा," म्हणाली. इथे आमचं घर उठायची वेळ आली आणि हिचं भाषण. अंगाचा तिळपापड झाला, पण बसले.

त्या काळी म्हणे स्वीडनमध्ये दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक सैनिक पोसायचा. त्याला एक खोपटं द्यायचं, बटाट्यापुरती जमीन, जमलं तर गाय. पण घर सैनिकाचं नव्हे, नोकरीचं. तो मेला किंवा त्याला काढून टाकलं की घर रिकामं करायचं. मग त्याच घरात नवा सैनिक यायचा, कित्येकदा जुन्याला पलटणीनं दिलेलं नावच लावायचा. आयत्या बिळावर नागोबा.

"आणि बायको?" मी विचारलं.

"तिनं निघायचं. नाहीतर नव्या सैनिकाशी लग्न करायचं. माझ्या खापरपणजोबांच्या आईनं तेच केलं. नवरा मोहिमेवर गेला तो परत आला नाही. नवा आला, तिच्याहून बराच लहान. तिनं त्याच्याशी लग्न केलं, घर टिकलं, पोरं टिकली. हे मी भाषणात घेत नाही. लोक हसतात."

मला नाही हसू आलं. खरं सांगू? मला त्या बाईचासुद्धा हेवा वाटला. तिच्याकडे घर राखायचा एक मार्ग तरी होता. मी तसं बोलले आणि बोलता बोलता रडायलाच लागले. म्हातारीनं चष्मा काढला. "मार्ग होता खरा," ती म्हणाली, "पण तो तिला आवडला होता का, ते कुणी विचारलेलं दिसत नाही." मग पलटणीबद्दल ती दिवसभर एक शब्द बोलली नाही.

शनिवारी लायब्ररीत मात्र तिनं त्या बाईची गोष्ट सांगितली. मागे कुणीतरी हसलंच. ती थांबली, हसणाऱ्याकडे वर्गात बघावं तशी बघत राहिली, आणि तो गप्प झाल्यावर पुढे बोलली. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती पलटण थोडी माझी वाटली.

नोकरी काही मिळाली नाही. आम्ही सामान विकायला काढलं आणि घरमालक एक जोडपं घर दाखवायला घेऊन आला. पुण्याचं. त्याला जवळच नोकरी लागलेली, ती डिपेंडंट. ती मुलगी टेपनं खिडक्या मोजत होती. "काकू, पडदे ठेवणार का?" म्हणाली. काकू! मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ती कुठे काय ठेवायचं ते ठरवत होती, आणि मी हीटरचं बटण कसं अडतं ते तिला गोड आवाजात समजावत होते.

तेवढ्यात शेजारीण बाहेर आली. खिडकीतल्या त्या मुलीकडे बघून तिनं हात हलवला. मुलीनंही हलवला.

"या कोण? छान वाटतात हो."

"चांगली आहे," मी म्हटलं. "एकटी असते. तिच्या पलटणीचं सांगेल, ऐकत जा. कंटाळू नकोस."

"आत्ताच भेटून येऊ का?"

"नको," मी म्हटलं. "आमचं विमान शुक्रवारी आहे. तोवर नको जाऊस."