कॉम्प्युटरचं दुसरं डोकं

पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारीक होती. पडद्यावर एकच आलेख होता.

आता ह्यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, मी कुकरच्या शिट्टीला दचकते, आलेखाचं काय घेऊन बसलात! पण त्या एका आलेखापायी मी भर बाजारपेठेत जी शोभा करून घेतली ती ऐका, आणि कप आधी खाली ठेवा.

बी.एस्सी. झाल्यावर मी मालवणात अण्णांच्या छापखान्यात लग्नपत्रिका जुळवत होते. जुना कॉम्प्युटर थकला, तेव्हा नवा घ्यायला अण्णांना मीच पटवलं.

"अण्णा, नव्या पेंटियम फोरमध्ये हायपर-थ्रेडिंग म्हणून सोय असते. आत दोन प्रोसेसर असल्यासारखं काम होतं."

"म्हणजे दोन डोकी."

"असल्यासारखं, अण्णा."

"ता काय ता. दोन डोकी."

संध्याकाळपर्यंत मासळी बाजारात बातमी, अण्णांकडे दोन डोक्यांचा कॉम्प्युटर येतोय! चार लोकांनी विचारलं, चार लोकांना मी समजावलं, आणि समजावता समजावता 'असल्यासारखं' हा शब्द माझ्याच तोंडून कधी गळून पडला, कळलं नाही.

कॉम्प्युटर कणकवलीहून आणला दाजींनी. दाजी म्हणजे छापखान्यासमोरचे रिक्षावाले. गोधडीत गुंडाळून, मागच्या सीटवर दोरीने बांधून, बाळंतिणीला आणावं तसा आणला.

तो सुरू केला आणि मी आलेख उघडला. प्रोसेसर किती काम करतोय ते दाखवणारा. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये असल्याच मशीनवर मी शेजारी शेजारी दोन आलेख ह्या डोळ्यांनी पाहिले होते. इथे एकच. बंद करून पुन्हा सुरू केला. एकच.

"अण्णा," मी म्हटलं, "एक कमी आहे."

"काय कमी?"

"डोकं."

अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला. डबा उघडला. आत एक पंखा, आणि त्याच्या बाजूला एक लांबोडकी रिकामी खाच.

"इथे होतं!" मी किंचाळले.

खाचेत काय असतं ते मला ठाऊक होतं का? अजिबात नाही. पण रिकामी जागा दिसली की आपलं मन कुणाला तरी तिथे बसवतंच ना!

अण्णांनी सावकाश मान वळवून रस्त्यापलीकडे बघितलं. "दाजी, हकडे ये रे."

दाजी आले. त्यांनी आत वाकून बघितलं.

"वाटेत खंय थांबललंस?"

"कट्टा गावात चाय घेतलंय. पण नजर डब्यारच होती."

"मग दुसरा डोक्या खंय गेला?"

"माका काय ठावक? मी काय डबो उघडून डोकी मोजलंय?"

"खड्ड्यात उडून पडला आसतला," येसूबाय म्हणाली. ती मासळीची टोपली घेऊन घरी निघाली होती, ती टोपलीसकट आत आली. तिच्यामागून आणखी पाच-सहा जण.

"ह्या रिक्षात आजपर्यंत एक नारळ हरवूक नाय," दाजी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "अण्णानू, माका चोर म्हणतास?"

मला तर रडूच यायला लागलं. म्हणून मी कणकवलीच्या दुकानात फोन लावला, स्पीकरवर. रिंग जात होती. कुणी उचलत नव्हतं. जेवायला गेले असावेत. मी तोडून पुन्हा लावला.

"फोन कित्याक करतंस गो," अण्णा म्हणाले. "नारळ आणा. देवाक सांगूया. खरा-खोटा तोच बघीत."

नारळ आला. कॉम्प्युटरसमोर ठेवला. दाजींनीच आधी हात जोडले. रिंग जातच होती.

"बा देवा म्हाराजा!" अण्णांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "ह्या कॉम्प्युटराचा दुसरा डोक्या ज्या कोणामुळे गेला आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"तो माणूस ल्हान आसो, थोर आसो, घरचो आसो, भायरचो आसो..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका येत्या अवसेपर्यंत म्हावरा गोड लागा नये रे म्हाराजा!"

येसूबायने टोपली घट्ट धरली. अमावास्येपर्यंत मासळी बेचव, मालवणात ह्यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्यांदा मी. माझा आवाज फाटला, इतक्या मोठ्यांदा.

आणि स्पीकरमधून आवाज आला. "हॅलो?"

मी एका दमात सगळं सांगितलं. एक आलेख, रिकामी खाच, दाजी, नारळ.

मग दुकानदार म्हणाले, "मॅडम, ती खाच वाढीव मेमरीची. प्रोसेसर मुळात एकच असतो, दोन असल्यासारखा वागतो. पण ते ओळखायला नवी विंडोज लागते. अठ्ठ्याण्णवच्या विंडोजला एकाच्या पुढचा दिसतच नाही."

"मग तुम्ही अठ्ठ्याण्णव कशाला घातलीत?" मी ओरडले.

"मी नवी, एक्सपीच घातली होती, मॅडम. परवा तुमचाच फोन आला ना? 'नवीन नको, मला नवीन बघून धडकी भरते, आधी ती काढा आणि जुनी घाला' म्हणून?"

अण्णा नारळाकडे बघत होते. दाजींनी रुमालाने कपाळ पुसलं आणि अगदी मायेने विचारलं,

"बाय, घराक आज म्हावरा काय गो?"

"सुरमई," मी म्हणाले.